धूम्रपान : नाही

पित्ताशयाची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायची होती आणि आदल्या संध्याकाळी, खोलीतले दिवे नुकतेच लागले असताना, एक इंटर्न माझा केसपेपर भरायला आला. डोळ्यांत दोन रात्रींचे जागरण, ॲप्रनच्या खिशात तीन पेने, आणि मी स्वतः डॉक्टर आहे हे कुणीतरी आधीच सांगितल्यामुळे बोलण्यात थोडी जास्तीची अदब. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, दमा, कुठल्या औषधाची ॲलर्जी, यापूर्वीची ऑपरेशने, एखादा हलणारा दात, आधी कधी भूल दिली असेल तर त्या वेळी झालेला त्रास, हे सगळे त्याने क्रमाने विचारले आणि मीही व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बसल्यासारखी सुटसुटीत उत्तरे दिली. मग ‘सवयी’ हा रकाना आला. तिथे मात्र त्याने मान वर केली नाही. मद्यपान आणि धूम्रपान या दोन शब्दांपुढे त्याच्या पेनाने आपणहूनच ‘नाही’, ‘नाही’ असे लिहून टाकले. समोरच्याच्या हातातला कागद उलट्या बाजूने वाचण्याची कला मी परीक्षकांसमोर बसून कमावलेली आहे, त्यामुळे ते मला स्वच्छ दिसले. छप्पन्न वर्षांची, चष्मा लावणारी, पॅथॉलॉजीतली मॅडम. तिला हे काय विचारायचे, असे त्याला वाटले असावे. त्यानंतर छाती तपासायला तो वाकला आणि पेपरमिंट व सॅनिटायझर या दोन्हींच्या खालून मला तो वास आला.

जळत्या सिगारेटचा वास कुणालाही ओळखू येतो. विझलेल्या सिगारेटचा वास ओळखायला मात्र तो कधीतरी स्वतःच्या अंगावर वागवलेला असावा लागतो. तो कॉलरच्या घडीत, मनगटाच्या आतल्या बाजूला आणि उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांत राहतो. साबणाने तो जात नाही, साबणाचा होऊन बसतो. त्याची बोटे माझ्या खांद्यावर होती आणि त्याने मला खोल श्वास घ्यायला सांगितला. मी घेतला. त्या क्षणी आम्हा दोघांपैकी एकालाच दुसऱ्याची पूर्ण हिस्टरी ठाऊक होती, आणि ती विचारण्याचे काम माझे नव्हते. सांगण्याचे होते. मी सांगितले नाही. तो ‘गुड नाइट, मॅडम’ म्हणून गेला आणि कागदावर मी आयुष्यात एकदाही सिगारेट न ओढलेली बाई म्हणून नोंदली गेले.

वैद्यकीय दृष्ट्या या चुकीला फारसे महत्त्व नव्हते. मी सिगारेट सोडून सत्तावीस वर्षे झाली आहेत. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ते ऐकून फार तर मान हलवली असती. पण माझा सगळा व्यवसायच लिहिलेल्या शब्दावर चालतो. आमच्याकडे शरीराचा तुकडा येतो तेव्हा त्याच्याबरोबर एक फॉर्म येतो, आणि त्यावर रुग्णाबद्दल दोन ओळी लिहिलेल्या असाव्यात अशी आमची अपेक्षा असते. पुष्कळदा त्या ओळी कोऱ्या असतात. त्या कोऱ्या ओळींवरून मी आजवर किती जणांना फोनवर सुनावले असेल याची गणती नाही. आता माझ्याच फॉर्मवर चुकीचा शब्द पडला होता आणि मी गप्प होते. त्या रात्री उपाशीपोटी झोप येईना, तेव्हा मी मनात गणित मांडले. रोज वीस सिगारेटी याप्रमाणे एक वर्ष म्हणजे एक पॅक-इयर. विसाव्या वर्षापासून एकोणतिसाव्यापर्यंत नऊ वर्षे. परीक्षांच्या दिवसांत दहा-बारा, सुटीत दोन-तीन, सरासरी सहा धरली तर सहा गुणिले नऊ भागिले वीस, म्हणजे २.७. अमेरिकेत फुप्फुसांची सीटी तपासणी सुचवण्यासाठी जी किमान मर्यादा धरतात ती २० ची आहे. त्या मानाने माझा आकडा किरकोळच.

पण तो माझा होता, आणि तो पुसून टाकण्याची परवानगी मी कुणाला दिली नव्हती.

मला पुष्कळदा विचारले गेले आहे, आणि विचारणाऱ्यांत माझे विद्यार्थीही होते, की एवढे सगळे शिकूनही डॉक्टर होऊ घातलेली मुले सिगारेट ओढतातच कशी. या प्रश्नावर देण्यासाठी माझ्याकडे एक तयार उत्तर होते, ते म्हणजे डिसेक्शन हॉल. प्रेते टिकवण्यासाठी वापरलेले फॉर्मॅलिन डोळ्यांना झोंबते, घशात उतरते, केसांत घर करते, आणि जेवायला बसल्यावर हाताला परत भेटते. शतकापूर्वीच्या शवविच्छेदनगृहांची छायाचित्रे पाहिली, तर टेबलाभोवती उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडात पाइप दिसतात. तिथला वास मारण्यासाठी तंबाखूचा धूर हा त्या काळी मान्य उपाय होता. तेव्हा मी म्हणत असे की आम्हीही वासापासून पळ काढण्यासाठी मागच्या जिन्यावर जायला लागलो. हे उत्तर ऐकणाऱ्याला पटते, त्यात थोडे शौर्यही आहे. फक्त ते माझ्या बाबतीत खरे नाही. पहिल्या वर्षी मी एकही सिगारेट ओढली नाही. माझी सुरुवात दुसऱ्या वर्षी झाली, आणि तीही पॅथॉलॉजीच्या टर्ममध्ये.

त्या दुपारी आम्हाला श्वासनलिकेच्या अस्तराची स्लाइड दाखवली होती. निरोगी अस्तरावर बारीक केसांसारखे सिलिया असतात. ते सतत एकाच दिशेने लवत असतात आणि आत आलेली धूळ व कफ वर ढकलत राहतात. धुराचा मारा होत राहिला की ते आधी मंदावतात, मग झडतात, आणि हळूहळू तिथल्या उभ्या, नाजूक पेशींची जागा चपट्या, टणक पेशी घेतात. या बदलाला मेटाप्लाझिया म्हणतात. सरांनी तो शब्द फळ्यावर लिहिला, त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या, आणि पुढे बाण काढून डिस्प्लाझिया, म्हणजे पेशींची बिघडलेली वाढ, आणि कार्सिनोमा, म्हणजे कर्करोग, हे शब्द लिहिले. त्याच संध्याकाळी होस्टेलच्या गच्चीवर आमच्यापैकी एकाने खिशातून पाकीट काढत म्हटले, ‘‘चला, थोडा मेटाप्लाझिया करून येऊ या.’’ सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता हात पुढे केला. पहिल्या झुरक्याने मला चक्कर आली, तोंडाला पाणी सुटले, ओकारी येईल असे वाटले; ही सगळी निकोटिनची पाठ्यपुस्तकी लक्षणे होती आणि मी ती तशीच ओळखली. पुढे तो शब्द आमचा संकेत झाला. वॉर्डात सगळ्यांदेखत एकमेकांना विचारता येई, ‘‘मेटाप्लाझिया?’’ आणि शेजारी उभ्या असलेल्या नर्सला वाटे की मुले अभ्यासाचे बोलत आहेत.

मला आता वाटते की आमच्या सवयीचे सगळे मर्म त्या विनोदात होते. जे कळले होते ते आम्ही विसरलो नव्हतो. उलट ते आम्ही खिशात घालून हिंडत होतो. निकोटिन झुरक्यानंतर दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते, कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, धुरातली सुमारे ७० द्रव्ये कर्करोगाला कारण होतात, हे आम्ही सिगारेट हातात धरून एकमेकांना म्हणून दाखवले आहे. परीक्षेची उजळणी म्हणून! ज्या गोष्टीचे नाव लॅटिन किंवा ग्रीकमध्ये घेता येते तिच्यावर आपली काहीतरी सत्ता चालते, हा भ्रम या शिक्षणातच कुठेतरी मुरलेला असतो. शिवाय पुस्तकातले प्रत्येक वाक्य तृतीयपुरुषी असते. ‘रुग्णाला खोकला येतो’, ‘रुग्णाचे वजन घटते’. तो रुग्ण साठीचा असतो, दुसऱ्या बाजूला झोपलेला असतो, आणि त्याच्या पायथ्याशी उभे राहून आपण टिपणे काढत असतो. विसाव्या वर्षी चाळीस वर्षांनंतरचा आजार हा आपला भविष्यकाळ न वाटता दुसऱ्या कुणाचा तरी भूतकाळ वाटतो.

फुप्फुसाच्या कर्करोगाचा इतिहास वाचताना मला पुन्हा पुन्हा विद्यार्थीच भेटत गेले, आणि ते मला अजून अस्वस्थ करतात. अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९१९ साली ऑल्टन ऑक्सनर नावाचा विद्यार्थी शिकत होता. फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेल्या एका माणसाचे शवविच्छेदन होते, आणि प्राध्यापकांनी वरच्या दोन वर्गांच्या मुलांना मुद्दाम ते बघायला बोलावले, कारण हा आजार इतका दुर्मीळ आहे की तुम्हाला तो आयुष्यात पुन्हा दिसणार नाही, असे त्यांचे मत होते. ऑक्सनर सर्जन झाले. दुसरा रुग्ण त्यांना दिसला तो १९३६ मध्ये, आणि त्यानंतर सहा महिन्यांत असे एकूण नऊ रुग्ण त्यांच्यापुढे आले. सगळे पुरुष, सगळे भरपूर सिगारेट ओढणारे, आणि बहुतेकांची सवय पहिल्या महायुद्धात लागलेली. एका विद्यार्थ्याने बघितलेल्या दृश्याचा प्रश्न व्हायला सतरा वर्षे लागली.

दुसरा विद्यार्थी त्याच विद्यापीठातला, अर्न्स्ट वाइंडर. १९४८ मध्ये अशाच एका शवविच्छेदनानंतर त्याने मृताच्या बायकोला नवऱ्याच्या सिगारेटींबद्दल विचारले. तो रोज दोन पाकिटे ओढत असे. वाइंडर हा प्रश्न घेऊन इव्हार्ट्स ग्रॅहॅम यांच्याकडे गेला. कर्करोगासाठी अख्खे फुप्फुस काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनीच १९३३ मध्ये केली होती, आणि तो रुग्णही डॉक्टरच होता. ग्रॅहॅम स्वतः सिगारेट ओढत आणि त्यांना या शंकेत फारसा अर्थ वाटत नव्हता, पण त्यांनी मुलाला काम करू दिले. ६८४ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला त्या दोघांचा निबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वाइंडर जेमतेम विद्यार्थिदशेतून बाहेर पडत होता. ग्रॅहॅम यांनी सिगारेट सोडली. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा ग्रॅहॅम यांच्या शेवटाने हलले होते. आता मला त्याहून जास्त तो प्रश्न आठवतो. मीही वाइंडरच्या वयाची असताना तशाच टेबलांपाशी उभी राहिले होते, बाहेर बाकावर बसलेल्या बायका मीही पाहिल्या होत्या. मी त्यांच्यासमोरून खाली जिन्याकडे गेले.

जिन्याबद्दल मात्र मला नीट लिहायला हवे, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट अर्धीच सांगितल्यासारखी होईल. माझ्या हाताखाली गेलेला पहिला रुग्ण ही सत्तरीची एक कृश बाई होती. हाताखाली हा शब्द मी अक्षरशः वापरते आहे. तिच्या छातीवर दाब देताना एक बरगडी मोडल्याचे मला तळव्याला कळले, आणि बरगडी मोडली तरी थांबायचे नसते हे शिकवलेले असल्यामुळे मी थांबले नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी रेसिडेंटने घड्याळाकडे पाहिले, वेळ मोठ्याने सांगितली आणि मला म्हणाला, ‘‘आता थांब.’’ मग कागद भरायचे होते, नातेवाइकांना सांगायचे होते, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला इंजेक्शन द्यायची वेळ झाली होती. हे सगळे उरकल्यावर तो आगीच्या वेळी वापरायच्या जिन्याचे दार ढकलून बाहेर गेला आणि मी मागोमाग गेले. त्याने न बोलता पाकीट पुढे केले. आम्ही कठड्याला टेकून सात-आठ मिनिटे उभे होतो. त्या बाईबद्दल तो एक शब्दही बोलला नाही, मीही बोलले नाही. खाली ॲम्ब्युलन्सचा दिवा आवाज न करता फिरत होता. माझे हात थरथरत होते, आणि सिगारेट धरलेला हात थरथरला तर त्याचे कुणाला काही वाटत नाही.

संपूर्ण शिक्षणात मृत्यूनंतर उभे राहायला मिळालेली तेवढीच जागा होती. वॉर्डातून ‘‘मला आत्ता हे सहन होत नाही, मी थोडी बाहेर जाते,’’ असे म्हणून कुणी जात नसे. तसे म्हणण्याची सोयच नव्हती, शब्दच नव्हते. पण दोन बोटे ओठांशी नेऊन ‘‘आलेच’’ म्हटले की सगळ्यांना समजे आणि कुणी हरकत घेत नसे. सिगारेट हा बाहेर जाण्याचा परवाना होता. शिवाय जिन्यावर हुद्दे गळून पडत. आत ज्याच्यासमोर तोंड उघडायची भीती वाटे तो वरिष्ठ तिथे काडी मागत असे आणि काडी पेटेपर्यंतच्या वेळात एखाद्या केसबद्दल असे काही सांगून जाई की ते पुस्तकात कुठेच मिळाले नसते. आमची एक मैत्रीण सिगारेट ओढत नसे, तरी ती येऊन आमच्यात उभी राही, कारण न आल्यास आपण कशाला तरी मुकतो हे तिला कळले होते. तिला आम्ही ‘पॅसिव्ह सभासद’ म्हणत असू. या विनोदाची मला आज लाज वाटते. तिला हिवाळ्यात खोकला असायचा.

मुले पुढच्या पायऱ्यांवर उघडपणे ओढत आणि आम्ही तिघी पाण्याच्या टाकीमागे, जिथला दिवा कायम गेलेला असे. मुलांची सवय ही सवय होती, आमची ती बातमी झाली असती. त्यामुळे आम्ही झुरके भराभर घेत असू आणि थोटके कागदात गुंडाळून बरोबर नेत असू. चोरून ओढलेल्या सिगारेटला चोरीचीही एक चव असते आणि ती सोडणे निकोटिन सोडण्याइतकेच जड जाते, हे मला फार उशिरा समजले.

आणि त्या शांततेचा हिशेबही मी उशिराच तपासला. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. राउंड दोन-अडीच तास चाले. शेवटच्या खाटांपाशी येईपर्यंत माझे लक्ष उडे, मान अवघडे, कुणाचाही राग येई, आणि मला वाटे की हा वॉर्डाचा ताण आहे. मग जिन्यावर जाऊन पहिला झुरका घेतला की खांदे सैल पडत, आणि मला वाटे की सिगारेटने ताण घालवला. त्यातला निम्मा ताण सिगारेटनेच आणलेला होता. रिसेप्टर, डोपामिन, विथड्रॉवल हे सगळे शब्द मला येत होते, फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधशास्त्रात, मला चांगले गुण होते, आणि तरीही स्वतःच्या मानेतली ती ओढ मला नऊ वर्षे फार्माकॉलॉजी वाटली नाही.

आपल्या व्यवसायाने स्वतःलाच अभ्यासाचा विषय केले, ही यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट आहे. १९४६ पासून एका अमेरिकन सिगारेटच्या जाहिरातीत पांढऱ्या कोटातले हसरे डॉक्टर झळकत होते. इतर कुठल्याही सिगारेटपेक्षा जास्त डॉक्टर आमचाच ब्रँड ओढतात, असा कंपनीचा दावा होता. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९५१ च्या ऑक्टोबरात, रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली पाठवली. तुम्ही ओढता का, किती ओढता, कधीपासून. चाळीस हजारांहून अधिक डॉक्टरांनी उत्तरे पाठवली. डॉल स्वतः आधी ओढत असत. रुग्णालयातल्या रुग्णांवरच्या आधीच्या अभ्यासात त्यांचा पहिला संशय रस्त्यांच्या डांबरावर आणि मोटारींच्या धुरावर होता, आणि आकडे दुसरीकडेच बोट दाखवू लागल्यावर त्यांनी सिगारेट सोडली. डॉक्टरांवरचा पहिला अहवाल १९५४ मध्ये आला आणि शेवटचा, पन्नास वर्षांचा हिशेब मांडणारा, २००४ मध्ये. सतत ओढणारे डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षे आधी गेले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला त्यातली ३ वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९, आणि तिसाव्या वर्षी सोडले तर जवळपास सगळीच. मी एकोणतिसाव्या वर्षी सोडली. हा आकडा मला त्या रात्री खाटेवर पडल्या पडल्या सुखावून गेला हे कबूल करायला हवे. पण त्याच वेळी हेही आठवले की १९५४ चा तो अहवाल पस्तिशी ओलांडलेल्या २४,३८९ पुरुषांचा होता. उत्तरे देणाऱ्यांत सहा हजारांहून अधिक बायका होत्या. त्यांचा हिशेब छापून यायला १९८० उजाडले. त्या इंटर्नने माझ्यापुढचा रकाना न विचारता भरला, त्याला तशी जुनी परंपरा आहे म्हणायची.

सिगारेटने माझ्या फुप्फुसांतून काय नेले ते मला ठाऊक नाही, पण आवाजातून काय नेले ते नक्की सांगता येते. छातीच्या ओपीडीत माझी महिन्याभराची पोस्टिंग होती. खुर्चीत पुढे झुकून, ओठांचा चंबू करून श्वास सोडणारी माणसे तिथे रांगेने बसलेली असत, आणि प्रत्येकाला सिगारेट सोडा असे सांगणे हे विद्यार्थ्यांकडे सोपवलेले काम होते. मी ते कागदाकडे बघत सांगत असे. एका गृहस्थांनी मला विचारले होते, ‘‘सोडायची म्हणजे कशी?’’ प्रश्नात उपरोध नव्हता. ते खरोखरच विचारत होते, जसे औषध जेवणाआधी की नंतर असे विचारावे तसे. माझ्याकडे उत्तर नव्हते. ‘‘मनाचा निग्रह हवा,’’ असे मी म्हणाले, आणि त्या वेळी माझ्या पर्समध्ये चार सिगारेटी होत्या. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांनी २००५ पासून अनेक देशांत वैद्यक, दंतवैद्यक, नर्सिंग आणि फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. तिच्यात हेच चित्र दिसते : बऱ्याच ठिकाणी पाचांतला एकाहून अधिक विद्यार्थी सिगारेट ओढतो, आपण लोकांसमोर उदाहरण असायला हवे असे त्यातल्या बहुतेकांना मनापासून वाटते, आणि एखाद्याला सोडायला मदत कशी करावी हे मात्र त्यातल्या बहुतेकांना रीतसर कुणी शिकवलेले नसते. आम्हाला धुरातल्या द्रव्यांची यादी पाठ होती. त्या गृहस्थांच्या प्रश्नाला गुण नव्हते.

पुढे एम.डी.च्या काळात ग्रंथालयात बसून मी फॅगरस्ट्रॉमची प्रश्नावली वाचली. निकोटिनच्या आहारी माणूस किती गेला आहे ते मोजणारे सहाच प्रश्न, आणि त्यातला सगळ्यात बोलका अगदी साधा आहे : सकाळी उठल्यावर किती वेळाने तुम्ही पहिली सिगारेट ओढता? पाच मिनिटांच्या आत असेल तर तीन गुण. रात्रभर शरीर रिकामे राहिलेले असते, त्यामुळे त्या पहिल्या सिगारेटला ना मित्रांचे निमित्त असते, ना वॉर्डाचे, ना कुणाच्या मृत्यूचे. तिथे माणूस आणि निकोटिन दोघेच असतात. मी समासात पेन्सिलीने माझे उत्तर लिहिले, बेरीज केली आणि खोडरबराने पुसली. कागदावर खळगा राहिला होता.

सोडली कशी, हे सांगताना लोकांना काहीतरी घडलेले हवे असते. माझ्याकडे तसे काही नाही. तीनदा ठरवून सोडली आणि तिन्ही वेळा परत धरली. नंतर पॅथॉलॉजीत स्थिरावले, रात्रीचे वॉर्ड संपले, सूक्ष्मदर्शकाखाली माणसे मरत नाहीत, आणि जिन्यावर जायला सोबत उरली नाही. सहाच्या चार झाल्या, चाराच्या दोन, मग एखाद्या दिवशी विसरायलाच झाले. पहिली सिगारेट मला वाऱ्याच्या दिशेसकट आठवते. शेवटची कोणती, ते सांगता येत नाही.

हल्ली मी विद्यार्थ्यांना फुप्फुस दाखवते तेव्हा ती आधी त्याचा काळेपणा पाहून दचकतात. मी त्यांना सांगते की तो रंग निव्वळ काजळीचाही असतो, कधी सिगारेट न ओढलेल्या माणसाच्या फुप्फुसांतही तो सापडतो. बघायचा असतो तो कडेचा पांढुरका, दडस भाग, बोटाला टणक लागणारी कर्करोगाची गाठ. ती वाकून बघतात, टिपणे घेतात. तास संपल्यावर त्यांतली तीन-चार जणे घाईने बाहेर पडतात आणि त्या घाईची चाल मला पाठमोरीसुद्धा ओळखू येते. काहींच्या खिशात आता पेनासारखी दिसणारी उपकरणे असतात, ज्यांचा वास माझ्या नाकाला कळत नाही. ‘धूम्रपानास मनाई’ या पाटीखालची थोटके मात्र अजून तशीच पडलेली असतात. मी कुणाला आजवर हटकलेले नाही. हटकण्याचा अधिकार कुठला वापरायचा, शिक्षिकेचा की २.७ चा, हे मला कधी ठरवता आले नाही.

आठव्या दिवशी टाके काढायला गेले तेव्हा ड्रेसिंगच्या खोलीत तोच इंटर्न होता. माझी फाइल त्याच्या हातात होती. मी म्हटले, ‘‘त्यात एक चूक आहे. सवयींचा रकाना काढ.’’ त्याने पाने उलटली. ‘‘धूम्रपान नाही, असे लिहिले आहेस. नऊ वर्षे, रोज सहा, सत्तावीस वर्षांपूर्वी बंद.’’ त्याचे कान लाल झाले. पण हात शिकवल्याप्रमाणे चालला : जुन्या शब्दावर एकच आडवी रेघ, जेणेकरून खालचे वाचता यावे, शेजारी नवी नोंद, मग सही आणि तारीख. ‘‘सॉरी मॅडम, मी विचारायला हवे होते.’’

‘‘मीही सांगायला हवे होते,’’ मी म्हणाले. तो हात धुवायला वळला. पाण्याचा आवाज चालू असतानाच मी विचारले, ‘‘आणि सकाळी उठल्यावर किती वेळाने?’’

काय, असे त्याने विचारले नाही. नळ बंद केला, हातमोजे चढवले, चिमटा आणि कात्री ट्रेमधून उचलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘अलार्म बंद केला की लगेच, मॅडम.’’

मी काही बोलले नाही. त्याने पहिला टाका चिमट्यात धरला, कापला आणि ओढून काढला. त्याचा हात स्थिर होता. ‘‘दुखले का?’’ त्याने विचारले.

‘‘थोडे,’’ मी म्हटले.